रिव्हॉल्व्हिंग कार्बाइन: आधी दारूचे माप, मग माशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८५८ च्या रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरच्या धर्तीची, ०.४४ इंची, १८ इंची नळीची नवी प्रतिकृती कार्बाइन, म्हणजे रिव्हॉल्व्हरसारखे फिरते सिलिंडर असलेली आखूड रायफल, हातात आली आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चालायचे तेच २० ग्रेन (सुमारे १.३ ग्रॅम) काळ्या दारूचे माप आणि ०.४५१ इंची गोल गोळी त्यात वापरली. २५ मीटरवर गोळ्या बऱ्यापैकी एकत्र लागतात, पण नेमाच्या खाली आणि जराशा डावीकडे. ५० मीटरवर मात्र तीस सेंटीमीटरचा पसारा होतो. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, कानशीने घासून कमी करावी का?

नको. निदान आत्ता तरी कानस कपाटातच राहू द्या. माशी घासली की गोळी वर चढते हे खरे, पण घासलेले पोलाद परत चिकटवता येत नाही, आणि तुमचे दारूचे माप अजून ठरलेलेच नाही. उद्या २० ऐवजी २८ ग्रेन भरलेत की गोळी आपोआप वर जाईल आणि आज घासलेली माशी तेव्हा ठेंगणी ठरेल. शिवाय ५० मीटरवरचा तीस सेंटीमीटरचा पसारा माशीमुळे होत नाही. माशी चुकीची असेल तर सगळ्या गोळ्या एकत्रच, पण भलत्या जागी लागतात. पसारा होतो तो दारू, गोळी, वंगण किंवा सिलिंडर यांपैकी कशामुळे तरी. म्हणून आधी पसारा आवरायचा, मग तो आवरलेला पुंजका मधोमध आणायचा. पुढचे सगळे उत्तर याच क्रमाने आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट, कारण तिच्यात तडजोड नाही: यात फक्त काळी दारू, किंवा बनवणाऱ्याने मान्य केलेला तिचा पर्याय. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित पावडर चिमूटभरही नाही. तिचा दाब या सिलिंडरला पेलत नाही आणि सिलिंडर तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. परवाना आणि रेंजचे नियम तुमच्या देशात जे असतील ते पाळाच, ते मी इथे उगाळत नाही.

आता डाव्या हाताबद्दल. रिव्हॉल्व्हिंग कार्बाइन खांद्याला लावली की सवयीने डावा हात पुढे, नळीखाली जातो. तो तिथे जाता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची. प्रत्येक बाराला तिच्यातून गरम वायू, जळती दारू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. दुसरा धोका साखळी-स्फोटाचा, म्हणजे एका चेंबरच्या (सिलिंडरमधल्या दारू-गोळी भरायच्या भोकाच्या) ज्वाळेने शेजारचे चेंबरही पेटण्याचा. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या पुढे हात नसतो म्हणून अशी जादा गोळी बहुतेक वेळा मोकळ्यावर निघून जाते. कार्बाइनमध्ये तिच्या वाटेत मनगट येते. १८५५ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हिंग रायफली अमेरिकी यादवी युद्धात वापरल्या गेल्या. २० सप्टेंबर १८६३ ला चिकामॉगाच्या लढाईत २१ व्या ओहायो पलटणीने त्याच हत्याराने टेकडी लढवली, म्हणजे हत्यार कुचकामी अजिबात नव्हते. पण सैनिक या रायफलींना बिचकत ते डाव्या हाताच्या काळजीने. रेमिंग्टनने १८६६ नंतर काढलेली रिव्हॉल्व्हिंग रायफलही हजाराच्या आतच बनली, कारण तोवर पितळी काडतुसाचे दिवस आले होते. आपण आज हौसेने वापरतो तेव्हा डावा हात चापाच्या कडीखाली, सिलिंडरच्या मागे ठेवायचा, कोपर बरगडीला टेकवायचे. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आणि डोळ्यांना चष्मा. नायलॉनचे जाकीट नको, ठिणगीने वितळते. ही पकड सुरुवातीला अवघडलेली वाटते, पण सगळी चाचणी याच पकडीने करा. हात बदलला की गोळीची जागाही बदलते.

मोजमापाकडे वळू. गोळी मारण्याआधी व्हर्नियरने दोन आकडे काढा: चेंबरच्या तोंडाचा आतला व्यास, आणि नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांच्या, तळाचा व्यास. दुसऱ्यासाठी मऊ शिशाची, नळीपेक्षा किंचित मोठी गोळी तेल लावून लाकडी दांड्याने नळीतून हळूहळू ठोकत बाहेर काढायची. अर्थात सिलिंडर काढून ठेवून. बाहेर आलेल्या गोळीवर आट्यांचा ठसा असतो, त्याचे मोठे माप म्हणजे तुमचा आकडा. आता तुलना करा. चेंबर आट्यांच्या मापाएवढे किंवा केसभर मोठे असायला हवे. प्रतिकृतींमध्ये उलटे आढळणे नेहमीचे आहे: चेंबर ०.४४६ आणि आटे ०.४५१. अशा बंदुकीत तुम्ही कितीही मोठी गोळी ठासा, चेंबरमध्ये शिरताना ती कातली जाऊन ०.४४६ ची होते आणि मग नळीत सैल धावते. आटे तिला नीट पकडत नाहीत, वायू बाजूने निसटतो, आणि गोळी जाईल तिकडे जाते. २५ मीटरवर ते झाकले जाते, ५० वर उघडे पडते. तुमची लक्षणे मला अगदी याच वळणाची दिसतात.

तसे निघाले तर दोन वाटा आहेत. एक, दारू थोडी वाढवणे. मऊ शिसे जादा दाबाने मागून किंचित फुगते आणि फट काही अंशी भरून निघते. दोन, जाणत्या बंदूक-कारागिराकडून सहाही चेंबर रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) एका मापाचे करून घेणे. दुसरी वाट पक्की आहे, पण घरी ड्रिल मशीनवर करायची नाही. एक चेंबर वाकडे झाले की सिलिंडर भंगारात.

त्याच बैठकीत सिलिंडर नळीसमोर नीट उभा राहतो का तेही पाहा. घोडा हळूहळू ओढा. घोडा शेवटच्या खाचेत बसतो त्याच वेळी सिलिंडरचा खटका टक करून अडकायला हवा. आधी नको, नंतर तर नकोच. मग घोडा चढलेला ठेवून सिलिंडर बोटांनी हलवा. जरासा हालचाल-वाव चालतो, खडखड चालत नाही. गोळीबारानंतर नळीच्या मागच्या तोंडाशी एकाच बाजूला शिसे साठत असेल तर चेंबर आणि नळी एका रेषेत नाहीत. अशी बंदूक विक्रेत्याकडे परत. दारूचे कुठलेही माप तिला सुधारत नाही.

गोळीचे माप. ०.४५१ सोडा, ०.४५४ घ्या, बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत ती चालते असे असेल तर. बहुतेक ०.४४ प्रतिकृतींत चालते. ०.४५१ ची गोळी सुमारे १३८ ग्रेनची, ०.४५४ ची सुमारे १४१ ग्रेनची, म्हणजे वजनात फरक नगण्य. फरक आहे तो कातण्यात. मोठी गोळी ठासताना शिशाचे पूर्ण, अखंड कडे कातले जाते. हे कडे हातात घेऊन बघायची सवय लावा. सगळीकडे सारख्या जाडीचे, न तुटलेले कडे निघाले तर चेंबर चहूबाजूंनी बंद झाले. कडे अर्धेच निघाले किंवा निघालेच नाही तर कुठेतरी फट आहे, आणि साखळी-स्फोटाला तीच फट आमंत्रण देते. दुसरा फायदा असा की गोळीच्या कमरेवर सपाट पट्टा रुंद होतो आणि आट्यांना पकडायला जास्त शिसे मिळते. शिसे शुद्ध, नखाने ओरखडा उठेल इतके मऊ. चाकांच्या वजनांचे कडक शिसे ठासणीच्या दांड्याची बिजागरी वाकवते. लांबट गोळ्यांच्या नादी आत्ता लागू नका.

दारू. दाण्याची प्रत थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची. माप वजनाने नव्हे, आकारमानाने, म्हणजे दारूसाठी बनवलेल्या पितळी मापाने. ३० ग्रेन काळी दारू म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. काळ्या दारूचा पर्याय म्हणून पायरोडेक्स-पी वापरत असाल तर तेच आकारमान घ्या, वजन करू नका, कारण ती हलकी असते. ट्रिपल सेव्हन हा दुसरा पर्याय जास्त जोरकस आहे, तिचे माप सुमारे १५ टक्के कमी. आणि दारूच्या बुधल्याची तोटी थेट चेंबरमध्ये उपडी करायची नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असेल तर बुधलाच हातात फुटेल. बुधल्यातून मापात, मापातून चेंबरमध्ये.

रिव्हॉल्व्हरचे २० ग्रेन कार्बाइनला का पुरत नाहीत? रिव्हॉल्व्हरमध्ये आठ इंचांच्या नळीनंतर गोळी मोकळी होते. इथे तिला १८ इंच घासत जायचे आहे, आणि अर्धी वाट सरल्यावर मागचा दाब ओसरत आलेला असतो, शिवाय थोडा वायू फटीतून आधीच गेला. दारू कमी असेल तर शेवटचे काही इंच गोळी रेटली जाण्याऐवजी ओढत नेल्यासारखी जाते आणि प्रत्येक बाराचा वेग वेगळा पडतो. हिशेब करून बघा. सेकंदाला २४० मीटर वेगाची गोळी ५० मीटरपर्यंत पोचेतो सुमारे पंचवीस सेंटीमीटर पडते, २९० मीटर वेगाची सोळाच्या आसपास. म्हणजे नुसत्या दारूच्या फरकाने नऊएक सेंटीमीटर! तुमच्या गोळ्या खाली का लागतात याचे मोठे उत्तर इथेच आहे.

इथे रिव्हॉल्व्हरवाल्यांचा एक ठरलेला अनुभव तुम्हाला गोंधळात पाडेल. जवळच्या अंतरावर रिव्हॉल्व्हरमध्ये कमी दारूची गोळी बऱ्याचदा वर लागते, कारण ती हळू चालते आणि ती बाहेर पडेपर्यंत धक्क्याने नळी जास्त उचललेली असते. खांद्याला टेकलेल्या कार्बाइनमध्ये नळी तितकी उचलत नाही. ५० मीटरवर तर गोळीचे पडणेच वरचढ ठरते. म्हणून रिव्हॉल्व्हरचे ठोकताळे इथे लावू नका.

चाचणी अशी करा. २० ग्रेनपासून दोन-दोन ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जा, पुस्तिकेतल्या कमाल मापाच्या आत राहून. प्रत्येक पायरीला पूर्ण सिलिंडर, ५० मीटरवर, टेबलावरून. पोलादी चौकटीच्या ०.४४ कार्बाइनचा सर्वात घट्ट पुंजका बहुतेक वेळा २५ ते ३० ग्रेनच्या दरम्यान येतो. त्याच्या वर गेलात की आवाज आणि धूर वाढतो, नेम नाही. पितळी चौकटीची बंदूक असेल तर हा सगळा प्रयोग तिच्यावर करू नका, तिला हलकीच मापे. जोरकस मापांनी तिची चौकट ताणली जाते.

चेंबरमध्ये दारू कमी आणि जागा जास्त असेल तर वर भराव घालायचा: मक्याचे जाडसर पीठ किंवा कोरडा बारीक रवा. याची दोन कामे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहू द्यायची नाही, काळ्या दारूत ती पोकळी धोक्याची असते. आणि गोळी चेंबरच्या तोंडापाशी आणायची. गोळी खोल बसली असेल तर तिला आट्यांपर्यंत मोकळी उडी मारावी लागते, आणि मऊ गोळी त्या उडीत तिरकी होते. गोळी तोंडाच्या एक-दोन मिलिमीटर आत असावी. बाहेर डोकावली तर सिलिंडर फिरणार नाही. क्रम असा: दारू, भराव, वंगण लावलेली फेल्टची चकती, गोळी. चकती थेट दारूवर ठेवून दिवसभर भरून ठेवले तर वंगण दारूत झिरपते. मध्ये भराव असला की ते टळते.

ठासताना दांड्यावरचा जोर प्रत्येक वेळी सारखा हवा. काळी दारू दाबली गेली की चांगली जळते, पण एका चेंबरला हलकेच आणि दुसऱ्याला अंगाच्या जोराने असे झाले तर सहा चेंबरांचे सहा वेग होतात. शक्य असेल तर सिलिंडर काढून वेगळ्या ठासणी-स्टँडवर भरा. कार्बाइनचा लांब डोलारा सांभाळत तिच्याच दांड्याने सहा वेळा एकसारखे दाबणे कठीणच आहे. टोप्या, म्हणजे घोडा आदळला की ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोप्या, मात्र बंदूक रेंजच्या रेषेवर, नळी निशाणाकडे असतानाच चढवायच्या. निपलवर (चेंबरच्या मागच्या, ठिणगी आत नेणाऱ्या भोकाच्या नळकांडीवर) घट्ट बसणाऱ्या टोप्या निवडा, दहा की अकरा नंबर हे निपल ठरवतो. सैल टोपी चिमटून बसवण्याची युक्ती मी सुचवत नाही. निपल बदलणे स्वस्त पडते. बार झाला नाही तर नळी निशाणाकडे ठेवून निदान मिनिटभर थांबायचे.

वंगणाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि कार्बाइनमध्ये तेच सर्वात महाग पडते. काळी दारू जळून निम्म्याहून जास्त वजन घन अवशेषांत उरते. आठ इंची नळीला पुरणारे वंगण १८ इंची नळीच्या शेवटच्या भागाला पोचतच नाही. तिथे काजळी कोरडी होते, दगडासारखी बसते, आणि पुढची गोळी तिच्यावरून घासत जाते. पाहायचे कसे? सहा बार झाल्यावर, सगळी चेंबर रिकामी आहेत याची खात्री करून, सिलिंडर काढा आणि नळीचे तोंड उजेडात धरा. तोंडाच्या कडेवर आट्यांच्या जागी काळपट, ओलसर, मेणचट ठिपक्यांची चांदणी दिसली तर वंगण शेवटपर्यंत पोचले. बोट लावले तर ते काळे होते. उलट कडेवर राखाडी, भुरभुरीत कवच असेल आणि नखाने टोकरल्यावर ते पापुद्र्यासारखे उडत असेल तर वंगण कमी पडले. मग पसाऱ्याचे खापर दारूवर फोडू नका. चकती जास्त जाड घ्या, वंगणात चरबीचे प्रमाण वाढवा. मधमाश्यांचे मेण आणि गोवंश किंवा मेंढीची चरबी यांचे साधे मिश्रण चालते, गरम हवेत मेण जास्त, थंडीत कमी. खनिज तेलाचे ग्रीस वापरू नका, काळ्या दारूबरोबर त्याचे डांबर होते. गोळीच्या तोंडावर ग्रीस थापण्याची जुनी रीत आहे, पण पहिल्या बारालाच शेजारच्या चेंबरवरचे ग्रीस उडून जाते किंवा वितळते. साखळी-स्फोटापासून बचाव करणारी गोष्ट म्हणजे घट्ट गोळी आणि घट्ट टोपी. सिलिंडरच्या अक्षाच्या दांड्यावर मात्र हात सैल सोडून वंगण लावा, नाहीतर दुसऱ्या सिलिंडरभर बारांनंतर तो फिरेनासा होतो. दर सिलिंडरनंतर नळीतून एक ओलसर, मग एक कोरडी चिंधी ओढा आणि हे सगळ्या पायऱ्यांना सारखेच करा.

स्वच्छ, तेलकट नळीतून निघालेला पहिला बार नेहमीच वेगळीकडे जातो. त्याला मोजू नका. आदल्या दिवशीचे तेल पुसून टाका, गोळी न भरता प्रत्येक निपलवर एकेक टोपी वाजवून निपल कोरडे करा, मग एक बार मातीच्या बांधात.

टेबलावर बंदूक टेकवायची कुठे? नळीखाली वाळूची पिशवी ठेवू नका. टेकूचा जोर नळीवर आला की गोळी सरकते, आणि फटीतली ज्वाळा पिशवीचे कापड चक्क कापून काढते, मग टेबलभर वाळू. टेकू चौकटीखाली, चापाच्या कडीच्या पुढच्या बाजूला, वर चामड्याचा तुकडा. दस्त्याखाली दुसरी लहान पिशवी.

आता या सगळ्यातला सर्वात फळ देणारा भाग, जो बहुतेक लोक करतच नाहीत. सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक चेंबरपाशी मार्करने एक ते सहा आकडे टाका. बार झाला की दुर्बिणीतून भोक पाहा आणि वहीत काढलेल्या निशाणावर त्याच जागी चेंबरचा आकडा लिहा. असे चार-पाच सिलिंडर झाले की ही पाने ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवा. कधी चित्र दिसते ते असे: एक, दोन, तीन, पाच, सहा हे मुठीएवढ्या जागेत एकमेकांत मिसळलेले, आणि चारचे सगळे ठिपके बाजूला, उजवीकडे खाली, आपापसांत जवळजवळ. म्हणजे बंदूक वाईट नाही, चौथे चेंबर वेगळे आहे: त्याचे तोंड लहान असेल, खटक्याची खाच झिजली असेल, किंवा निपलचे भोक मोठे असेल. निपल अदलाबदल करून पाहा. दोष निपलबरोबर गेला तर काम सोपे. नाही गेला तर बाकीची पाच चेंबर भरून खेळा, चौथे कारागिराकडे जाईपर्यंत रिकामे. नुसता तीस सेंटीमीटरचा पसारा पाहून ही गोष्ट कधीच कळली नसती. उलट सहाही आकडे सगळीकडे मिसळून विखुरले असतील तर दोष सगळ्यांना सारखा आहे: गोळीचे माप, वंगण किंवा दारू.

पसारा ५० मीटरवर दहा-बारा सेंटीमीटरच्या आत आला आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तसाच आला की मग माशीकडे जायचे. उघड्या नेमसाधनांवर ०.४४ गोल गोळीकडून यापेक्षा जास्त मागू नये, मिळाले तर आनंदच आहे.

दिशा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. मागची खाच (डोळ्याजवळचे नेमसाधन, जिच्यातून माशी पाहतो) जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते. पुढची माशी जिकडे सरकवाल त्याच्या उलट गोळी जाते. म्हणजे गोळ्या डावीकडे लागत असतील तर माशी डावीकडे. किती सरकवायचे? चूक गुणिले खाच आणि माशीतले अंतर, भागिले निशाणाचे अंतर. समजा खाच ते माशी ४५ सेंटीमीटर आहे आणि ५० मीटरवर पुंजक्याचा मध्य सहा सेंटीमीटर डावीकडे आहे. ६ × ४५ ÷ ५००० = ०.०५४ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. हा आकडा पाहिला की हातोडी आपोआप हलकी पडते. माशी नळीवरच्या तिरक्या खाचेत बसवलेली असेल तर आधी माशीच्या पायापासून नळीवर टोकदार पेन्सिलीने एक सलग रेघ ओढा, नळी लाकडी जबड्यांत चामडे घालून धरा, आणि पितळी ठोकणीने टिचक्या मारा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसतात, तेच तुमचे माप. आडवी दुरुस्ती आधी पूर्ण करा, उभी नंतर. माशी अजून सरकायची असताना तिचे डोके घासण्यात अर्थ नाही.

उभ्या दुरुस्तीला मागे पायऱ्यांची किंवा स्क्रूची खाच असेल तर तिच्यातच जे होईल ते करा. कानशीची पाळी यावी ती फक्त खाच सर्वात वर असूनही गोळ्या खालीच लागत असतील तर. त्याच सूत्राने आठ सेंटीमीटरसाठी पाऊण मिलिमीटरच्या आतच घासायचे आहे. तेही एका दमात नाही. व्हर्नियरने माशीची उंची मोजून वहीत लिहा, नळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावा, बारीक दातांच्या सपाट कानशीने पुढच्याच दिशेने तीन-चार हात मारा, मोजा. ०.२ मिलिमीटर झाले की थांबा, पूर्ण सिलिंडर मारा, मग पुढचे ०.२. शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर घासून काढायचा मोह आवरा. बंदूक किंचित खाली मारत असेल तर नेम किंचित वर धरता येतो, आणि थंड किंवा दमट दिवशी वेग बदलतो तेव्हा तेवढी शिल्लक कामाला येते. माशीचे डोके सपाट, कडा धारदार ठेवा. गोल घासलेल्या डोक्यावर ऊन एका बाजूने चमकते आणि डोळा त्या चमकेलाच माशी समजतो. दोष मग तुम्ही वाऱ्याला देता. नंतर उघड्या पोलादाला थंड ब्लूइंगचा (पोलाद काळपट करणाऱ्या द्रावाचा) बोळा फिरवा.

नेम ५० मीटरलाच बांधा. तो बांधल्यावर २५ वर गोळी दोन-चार सेंटीमीटर वर लागेल, त्याकडे लक्ष देऊ नका. १०० मीटरवर मात्र ती फूटभर किंवा त्याहून थोडी जास्तच खाली जाईल, कारण गोल गोळी हवेत वेग फार लवकर घालवते. १०० साठी माशी घासू नका, त्यासाठी खाचेची वरची पायरी किंवा वर धरलेला नेम.

कोल्टच्या धर्तीची, पाचरीवर नळी अडकवलेली कार्बाइन असेल तर पाचर दर वेळी एकाच खुणेपर्यंत ठोका. पाचर घट्ट-सैल झाली की फट बदलते आणि नेमही. तुमच्या रेमिंग्टनची चौकट वरून बंद आहे, तिला हा त्रास नाही.

तेव्हा तुमच्यापुरते: चेंबर आणि आटे मोजा, ०.४५४ ची गोळी आणा, जाड चकती घ्या, २० पासून चढत जा, आकडे टाकलेले कागद जपा. माझा अंदाज असा की २८ च्या आसपास पोचाल तेव्हा गोळ्या खाली लागण्याची तक्रार बरीचशी मिटलेली असेल आणि उरेल ती डावीकडची अर्ध्या मिलिमीटरची टिचकी. आणि एखादे वेळी गोळ्या उलट नेमाच्या वरच जायला लागल्या, तर माशी उंच हवी. ती घासून होत नाही. अशा वेळी मूळ माशी काढून जपून ठेवा, तिच्या जागी मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर जास्त उंचीची कोरी पट्टी बसवा, आणि कानस तिच्यावर चालवा.